पंपाची मोटार का जळते? कारण शोधणाऱ्या ज्यूल यांची गोष्ट

उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावात ऐन उन्हाळ्यात बोअरची मोटार जळाली, तर खर्च रिवाइंडिंगपुरता राहत नाही, उभे पीकही वाळते. दोष बहुतेक वेळा कमी व्होल्टेजला दिला जातो. पण व्होल्टेज कमी झाल्यावर मोटार तापते कशी? याचे उत्तर ज्या नियमात आहे, तो १८४० मध्ये इंग्लंडमधील एका २१ वर्षांच्या तरुणाने शोधला.

कोण होते ज्यूल?

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये झाला. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. प्रकृती नाजूक असल्याने शिक्षण घरीच झाले. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन हे त्यांचे शिक्षक. ज्यूल कधीच प्राध्यापक झाले नाहीत. प्रयोगशाळा त्यांनी घरातच थाटली.

वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटार परवडेल का, हे त्यांना तपासायचे होते. बॅटरीतील जस्त कोळशापेक्षा महाग पडते, असे त्यांना आढळले. पण त्याच काळात वीज वाहताना तार किती तापते, याचे मोजमाप त्यांनी सुरू केले.

नियम काय सांगतो?

ज्यूल यांनी तारेचे वेटोळे पाण्यात बुडवले, त्यातून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान मोजले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होत होती. तारेचा रोध आणि वेळ वाढला की उष्णताही त्याच प्रमाणात वाढत होती.

कारण असे, की तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना धडकतात. अणूंची थरथर वाढते आणि तार तापते.

रॉयल सोसायटीने या संशोधनाचा फक्त सारांश छापला. पूर्ण लेख १८४१ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आला. १८५० मध्ये मात्र याच सोसायटीने ज्यूल यांना सदस्यत्व दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. वीजबिलातील १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

मग मोटार का जळते?

व्होल्टेज घसरले तरी पाणी तेवढेच उपसायचे असते. त्यामुळे मोटार जास्त प्रवाह खेचते. ७ अँपिअरच्या जागी १० अँपिअर वाहू लागले, तर वाइंडिंगमधील उष्णता सुमारे दुप्पट होते. आधी तारेवरचे इन्सुलेशन जळते, मग मोटार.

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटार बंद करतो. मोटार सारखी बंद पडते म्हणून रिले काढून थेट जोडणी केली, तर वाइंडिंग वाचवणारे काहीच उरत नाही.