पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : कारभार आपल्या हाती ठेवणारी राज्यकर्ती

वेरुळच्या श्रीघृष्णेश्वराचे दर्शन ज्या घरातून घडले नाही असे घर आपल्या भागात सापडणे कठीण. मंदिराजवळच शिवालय तीर्थ आहे. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांवर आठ लहान देवळे असलेले हे कुंड पाहून भाविक आपोआप हात जोडतो. घृष्णेश्वराची सेवा शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी केली, तर अठराव्या शतकात होळकर घराण्याने मंदिराचा जीर्णोद्धार केला. या सेवेशी पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव कायमचे जोडले गेले आहे. म्हणून देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण होणे उचितच होय. परंतु अहिल्याबाई म्हणजे देवळे बांधणारी दानशूर बाई, एवढीच अनेकांची समजूत असते. वास्तविक त्या आधी राज्यकर्त्या होत्या, आणि ते राज्य त्यांना कोणी ताटात वाढून दिलेले नव्हते.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चोंडी हे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. इ.स. १७३३ च्या सुमारास सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हाररावांनी सुनेला चूल आणि देवघर एवढ्यापुरते ठेवले नाही. हिशेब, पत्रव्यवहार, वसुली आणि तोफखान्याची तरतूद अशी कामे त्यांनी तिच्यावर सोपविली. सासरे मोहिमेवर असताना घरचा आणि दौलतीचा कारभार सूनबाई सांभाळू लागल्या.

इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना आवरले. हा आपल्या इतिहासातील एक मोठा क्षण मानावा लागेल. त्या दिवशी चिता पेटली असती तर माळव्याची पुढची तीस वर्षे निराळी झाली असती.

इ.स. १७६६ मध्ये मल्हारराव वारले. गादीवर आलेले नातू मालेराव पुढच्याच वर्षी गेले. पती, सासरे आणि पुत्र असे तिन्ही आधार गेल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोडगा काढला तो असा : बाईंनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, आपण स्वस्थ नेमणूक खावी आणि कारभार दिवाणांनी पाहावा. वरवर पाहता ही सोयीची गोष्ट होती. मान बाईंचा राहणार होता, निर्णय मात्र दुसऱ्याचा. अहिल्याबाईंनी ती साफ नाकारली. आपण एका धन्याची पत्नी आणि दुसऱ्याची माता आहोत, तेव्हा वारस ठरविण्याचा अधिकार आपलाच, अशी त्यांची भूमिका होती.

दिवाणांच्या सल्ल्याने राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंनी तुकोजी होळकरांना क्षिप्रेकाठी पुढे केले आणि इतर सरदारांकडे मदतीची पत्रे धाडली. एका विधवेवर विजय मिळवून दादांची कीर्ती वाढणार नाही, आणि हार झाली तर मात्र तोंड लपवावे लागेल, असा निरोप त्यांनी पाठविल्याचे सांगतात. अखेर आपण समाचारासाठी आलो असे म्हणत दादा पाहुणे होऊन आले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. रक्ताचा एक थेंबही न सांडता हा प्रश्न मिटला.

पुढे लष्कराची धुरा तुकोजींकडे आणि मुलकी कारभार व खजिना बाईंकडे अशी व्यवस्था झाली. पैशांवरून दोघांत मतभेदही झाले, परंतु खजिन्याची किल्ली बाईंनी सोडली नाही. नर्मदाकाठच्या महेश्वरास त्यांनी राजधानी केली, तेथे विणकर वसविले. दरबारात बसून त्या रयतेच्या तक्रारी स्वतः ऐकत. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याऐवजी ती तिच्याकडेच राहू देण्याचा त्यांचा कल होता. वाटमारी करणाऱ्या भिल्लांनाही वाटसरूंच्या रक्षणाचे काम आणि त्याबद्दल ठराविक हक्क देऊन त्यांनी स्थिर केले.

काशीविश्वनाथ (१७८०), सोमनाथ (१७८३), गयेचे विष्णुपद (१७८७) अशी देवालये आणि ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांनी उभारल्या. हा खर्च प्रामुख्याने खासगीतून झाला. ही खासगी इ.स. १७३४ मध्ये पेशव्यांनी सासूबाई गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र करून दिली होती. म्हणजे स्त्रीच्या नावावरचे उत्पन्न आणि ते खर्चण्याचा तिचाच निर्णय, यातून ही मंदिरे उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. इ.स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने विनवूनही मुलगी थांबली नाही. राज्याला आवरणाऱ्या या माउलीला त्या रूढीपुढे हार मानावी लागली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

आज काळ बदलला आहे. इ.स. १९९३ पासून ग्रामपंचायतीत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने इ.स. २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. तरीही कित्येक ठिकाणी सही सरपंच बाईंची आणि खुर्चीवर सरपंचपती, असेच दृश्य दिसते. दिवाण चंद्रचूडांचा तो जुना तोडगा अजून पुरता मोडलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

देवळाच्या कामात स्त्रियांचा पैसा असतो, पाटीतली माती असते, महाप्रसादाच्या चुली असतात. हिशेब वाचताना आणि पुढचे काम ठरविताना मात्र त्या मागच्या रांगेत, नाही तर घरीच असतात. कळस चढल्यावर जी पहिली बैठक होईल तीत गावच्या लेकीसुनांना पुढे बसवावे आणि त्यांचे मत विचारून वहीत लिहून घ्यावे. अहिल्याबाईंच्या तसबिरीला घातलेला हार दुसऱ्या दिवशी सुकतो. वहीत नोंदलेले मत मात्र टिकते. त्या राज्यकर्त्या माउलीला तीच खरी आदरांजली ठरेल.