पवनचक्कीच्या इन्व्हर्टरमागचं गणित: एडिथ क्लार्क

पुण्याहून नगरला येताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे रीलही काढली असेल. इंजिनिअरिंगला असताना मला एकच प्रश्न पडायचा: वारा कधी जोरात, कधी मंद, मग ग्रिडमध्ये वीज 50 हर्ट्झचीच कशी जाते? आजच्या बहुतेक पवनचक्क्यांत हे काम इन्व्हर्टर करतो. त्याचा कोड वाचताना एक फंक्शन सतत भेटतं, 'क्लार्क ट्रान्सफॉर्म'. मी बरीच वर्षं समजत होतो की हे कोणी साहेब असणार. निघाल्या बाई.

एडिथ क्लार्क यांचा जन्म 1883 चा, अमेरिकेतल्या मेरीलँडचा. लहानपणीच आई-वडील गेले. वारशाचा पैसा त्यांनी शिक्षणात घातला आणि 1908 मध्ये वासर कॉलेजातून गणित आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली. काही वर्षं शिकवलं, मग सिव्हिल इंजिनिअरिंग सुरू केलं, ते मध्येच सोडून एटी अँड टीमध्ये 'कॉम्प्युटर' म्हणून लागल्या. हो, कॉम्प्युटर! तेव्हा हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणायचे.

1919 मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकलची मास्टर्स डिग्री घेणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तरी इंजिनिअरची नोकरी कोणी देईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं, पण पुन्हा आकडेमोडच, फक्त देखरेखीची. तिथे त्यांनी लांब वीजवाहिन्यांची किचकट समीकरणं झटपट सोडवणारा आलेखी कॅल्क्युलेटर तयार केला, 1925 मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. पण इंजिनिअर हे पद काही मिळेना, म्हणून 1921 मध्ये सरळ राजीनामा देऊन त्या तुर्कस्तानात कॉन्स्टँटिनोपलला फिजिक्स शिकवायला गेल्या. (मला त्यांचा हा निर्णय सगळ्यात आवडतो.) वर्षभराने परतल्या तेव्हा त्याच कंपनीने त्यांना इंजिनिअर म्हणून घेतलं.

आता ते गणित. आपली वीज तीन फेजची, प्रत्येक लाट दुसरीपेक्षा 120 अंश मागे. सगळं समतोल असेल तर तिन्हींची बेरीज कायम शून्य. म्हणजे दोन आकडे कळले की तिसरा आपोआप कळतो, मग तीन सांभाळायचे कशाला? क्लार्क यांनी तीन लाटांचे अल्फा आणि बीटा असे दोन घटक केले, आणि समतोल बिघडला तर शून्य नावाचा तिसरा. इन्व्हर्टरमधली चिप हाच हिशेब सेकंदाला हजारो वेळा करते, लाट कुठे वाकडी झाली ते पकडते आणि स्विच कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवते. बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटर कंट्रोलरमध्येही हेच चालतं.

क्लार्क यांना मात्र वीजवाहिन्यांवरचे बिघाड समजून घ्यायचे होते. 1943 मध्ये त्यांनी एसी वीजव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, 1947 पासून टेक्सास विद्यापीठात शिकवलं आणि 1959 मध्ये त्या वारल्या. मोठा प्रवाह झटक्यात चालू करणारा सिलिकॉनचा स्विच, एससीआर, त्यांच्याच जुन्या कंपनीने जेमतेम दोन वर्षांपूर्वी बनवला होता.