एफएमचा जनक आणि पेटंटची सरलेली मुदत

पणजीत, बेळगावात वा इंदुरात रेडिओचा काटा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान आणला की खरखर नाहीशी होते आणि आवाज स्वच्छ ऐकू येतो. हा आवाज ज्यांच्या बुद्धीची देणगी, त्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांना मात्र स्वतःच्या शोधावरील हक्कासाठी आयुष्य वेचावे लागले. बौद्धिक संपदेची मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, असे कसे घडते, हे त्यांच्या चरित्रातून कळते.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी क्षीण रेडिओलहरी अनेक पटींनी बलवान करणारी रचना शोधली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये असताना, १९१८ मध्ये, त्यांनी सुपरहेटरोडाइन ही रचना सिद्ध केली. पुढील काळातील बहुतेक रेडिओ संच तिच्यावरच उभे राहिले. १९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने या दोन्ही शोधांचे हक्क ३,३५,००० डॉलरना विकत घेतले. दोन वर्षांनी आणखी एका शोधाच्या मोबदल्यात आरसीए कंपनीने त्यांना रोख रकमेसह हजारो समभाग दिले. १९२३ मध्ये त्यांनी मॅरियन मॅकइनिस यांच्याशी विवाह केला. आरसीएचे डेव्हिड सार्नोफ यांच्या त्या सचिव होत्या.

आरसीएचे सामर्थ्य तिच्या कारखान्यांपेक्षा पेटंटांत होते. जनरल इलेक्ट्रिक, एटी अँड टी, वेस्टिंगहाउस अशा बड्या कंपन्यांची रेडिओविषयक पेटंटे तिच्या छत्राखाली एकत्र आली होती. त्यामुळे इतर उत्पादकांना तिच्याकडून परवाना घेऊन आणि रॉयल्टी भरूनच संच विकता येत. अशा व्यवस्थेत एकट्या संशोधकाची गाठ कंपन्यांच्या वकिलांशी पडे. १९१२ च्या शोधाचा मान कोणाचा, यावर ली डी फॉरेस्ट यांच्याशी चाललेला वाद जवळजवळ दोन दशके लांबला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आर्मस्ट्राँग यांच्या विरोधात गेला. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने दिलेले पदक ते परत करू लागले, तेव्हा संस्थेने ते स्वीकारण्यास नकार दिला. अभियंत्यांच्या लेखी जनक तेच होते.

तोवर त्यांना फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनची, म्हणजेच एफएमची, पेटंटे मिळाली होती. तारीख होती २६ डिसेंबर १९३३. एम्पायर स्टेट इमारतीवरून घेतलेल्या चाचण्या यशस्वी झाल्या. पण आरसीएने दूरचित्रवाणीला प्राधान्य देऊन १९३५ मध्ये त्यांना तेथील यंत्रणा हलविण्यास सांगितले. आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे स्वतःचे केंद्र उभारले. १९४० मध्ये आरसीएने रॉयल्टीविना परवान्यासाठी एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या रॉयल्टी देत असताना एकीलाच सवलत देणे त्यांना अन्यायाचे वाटले आणि त्यांनी नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैन्याला त्यांनी हीच पेटंटे विनामूल्य वापरू दिली.

१९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा बदलून आजच्या जागी नेला. जुन्या पट्ट्यावरचे संच एका निर्णयाने निरुपयोगी ठरले. आरसीएने एफएम वापरले, पण रॉयल्टी दिली नाही. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग न्यायालयात गेले. त्या काळी पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. कंपनीचे वकील साक्षी-जबान्या लांबवीत राहिले आणि १९५० च्या अखेरीस मूळ पेटंटांची मुदत संपली. खटला चालूच होता. कंपनीला थांबणे परवडणारे होते. आर्मस्ट्राँग यांची संपत्ती, प्रकृती आणि संसार तिघांनाही ते झेपले नाही. १९५४ च्या जानेवारीअखेर, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपविले.

मॅरियन यांनी लढा सोडला नाही. त्याच वर्षी आरसीएने सुमारे १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. चौदा वर्षांपूर्वी नाकारलेलीच ती रक्कम होती. इतर कंपन्यांविरुद्धचे दावे त्या एकामागून एक जिंकत गेल्या. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा दावा १९६७ मध्ये निकाली निघाला. कायद्याने आर्मस्ट्राँग यांना न्याय दिला. मात्र तो स्वीकारण्यास ते १३ वर्षांपूर्वीच उरले नव्हते.