विलार्ड गिब्ज : येणाऱ्या-जाणाऱ्या रेणूंचा हिशेब



बारावीच्या मुलांना वायूचं एक सूत्र पाठ असतं. दाब गुणिले आकारमान बरोबर रेणूंची संख्या गुणिले स्थिरांक गुणिले केवल तापमान. हेच सूत्र नुसत्या मोजणीतून निघतं, आणि तो रस्ता जोसिया विलार्ड गिब्ज यांनी तयार केला. आज त्यांच्याविषयी लिहितेय.

गिब्ज यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी झाला. वडील येल इथे धर्मसाहित्याचे प्राध्यापक आणि भाषातज्ज्ञ. त्याच वर्षी आमिस्टाड जहाजावरून पकडून आणलेले आफ्रिकी लोक तिथल्या तुरुंगात होते. त्यांची भाषा कुणालाच कळेना. वडिलांनी त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या बंदरात ते मोठ्याने म्हणत फिरले. आकडे ओळखणारा खलाशी सापडला, कैद्यांना दुभाषी मिळाला आणि पुढे ते सुटले. पहिलीच्या वर्गात आपण शिकवतो ते एक ते दहा!

मुलगा अबोल होता. १८६३ मध्ये त्याने दातेरी चाकांच्या दातांचा आकार कसा असावा यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. मग तीन वर्षं पॅरिस, बर्लिन आणि हायडेलबर्ग इथे शिकून तो घरी परतला. लग्न केलं नाही. वडिलांनी बांधलेल्या घरात बहिणीच्या कुटुंबासोबत आयुष्य काढलं.

१८७१ मध्ये येलने त्यांना गणिती भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नेमलं, पण पगार शून्य! अशी नऊ वर्षं गेली. याच काळात, १८७६ ते १८७८ दरम्यान, त्यांनी पदार्थांच्या समतोलावर सुमारे तीनशे पानांचा निबंध लिहिला. छापला कुठे, तर आपल्या राज्यातल्या एका छोट्या अकादमीच्या अंकात. वाचणारे मोजकेच. मात्र इंग्लंडमधल्या मॅक्सवेल यांना त्यांचं आधीचं काम इतकं भावलं, की त्यांनी त्यावरून प्लॅस्टरचा नमुना स्वतः घडवला आणि एक प्रत गिब्जना पाठवली. १८८० मध्ये दुसऱ्या विद्यापीठाने ३००० डॉलर देऊ केले, तेव्हा कुठे येलने २००० डॉलर पगार सुरू केला. गिब्ज कमी पगारावर येलमध्येच राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गिब्जना वडिलोपार्जित पैसा होता, म्हणून घर चाललं. आपल्याकडे विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी राबणाऱ्या शिक्षकाकडे असा आधार नसतो. त्यामुळे ही गोष्ट त्यागाचा आदर्श म्हणून त्याच्या गळ्यात मारू नये. घ्यायचं ते एवढंच, की वाचणारे कमी आहेत म्हणून त्यांनी काम कच्चं ठेवलं नाही.

आता ती मोजणी. १९०२ मध्ये त्यांचं सांख्यिकीय यामिकीचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी अशी व्यवस्था मांडली, जिच्यात ऊर्जाच नाही तर कणांची संख्याही कमी-जास्त होते. नाशिकचं सीबीएस बसस्थानक आठवा. माणसं येतात, जातात. या क्षणी नेमकी किती, सांगता येत नाही, पण सरासरी सांगता येते. उघड्या डब्यातली हवा तशीच.

डब्यात शून्य रेणू असतील, एक असेल, दोन असतील, अशा सर्व शक्यतांची वजनं मांडायची. एका रेणूचं वजन क्ष धरू. आदर्श वायूत रेणू एकमेकांना ओढत-ढकलत नाहीत, म्हणून दोघांसाठी क्ष गुणिले क्ष. पण रेणू हुबेहूब सारखे. त्यांची अदलाबदल केली तर नवी मांडणी होत नाही, म्हणून दोनने भागायचं. तिघांसाठी क्षचा घन भागिले सहा, कारण तिघांना सहा प्रकारे उभं करता येतं. या साऱ्यांची बेरीज म्हणजे ग्रँड पार्टिशन फंक्शन. ही बेरीज होते ई या संख्येचा क्षवा घात, आणि तिचा लॉगॅरिदम येतो नुसता क्ष.

गंमत पुढे आहे. हा लॉगॅरिदम म्हणजे दाब गुणिले आकारमान, भागिले स्थिरांक आणि तापमानाचा गुणाकार. आणि त्याच वजनांनी रेणूंची सरासरी काढली, तर तीही क्षच येते. दोन्ही सारखे, म्हणून एकमेकांबरोबर मांडा. झालं, पाठ केलेलं सूत्र समोर!

याच बेरजेतून चढउतारही कळतो. सरासरी १०० असेल तर साधारण १० वर-खाली, म्हणजे वर्गमुळाएवढा. शंभरात दहा हा फरक डोळ्यांना दिसतो. पण एक लिटर हवेत एकावर बावीस शून्यांच्या घरात रेणू असतात. तिथे हा फरक सुमारे सोळा हजार कोटींत एक भाग एवढाच. म्हणून रेणू सतत ये-जा करत असले तरी दाब स्थिर वाटतो.

पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९०३ रोजी, गिब्ज गेले.

पालकहो, घरी एक करून बघा. पाटावर छोटी चौकट आखा आणि मूठभर साबुदाणा पाटभर पसरेल असा टाका. चौकटीत किती पडले ते मुलाला मोजू द्या. असं वीसदा करा, आकडे लिहा, सरासरी काढा. मग चौकट मोठी करून पुन्हा मोजा. सरासरीच्या मानाने चढउतार कमी झालेला त्यालाच दिसेल. सूत्र नंतर सांगितलं तरी चालेल.