तिसऱ्या वर्गाचा प्रवासी

वर्धा : स्वस्त विमानसेवेचे तिकीट काढणारा प्रवासी आज एक सौदा करत असतो. भाडे कमी, मात्र जेवण, सामान आणि हवी ती जागा यांचे पैसे वेगळे. पाय आखडून बसावे लागते आणि उड्डाण रद्द झाले तर परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. २००३ साली एअर डेक्कनने ही सेवा देशात आणली आणि ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिले होते, ते त्यात बसू लागले. वर्ध्याचा प्रवासीही नागपूरचा विमानतळ गाठून मुंबई-दिल्लीला जाऊ लागला. पण कमी भाडे भरणाऱ्याला किमान काय मिळाले पाहिजे, हा प्रश्न त्याहून फार जुना आहे. तो आयुष्यभर लावून धरणारा प्रवासी याच जिल्ह्यात वास्तव्याला होता. मोहनदास करमचंद गांधी विमानात कधी बसले नाहीत. त्यांचा प्रश्न रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा होता.

बारा आण्यांची पिशवी

या प्रवासाची सुरुवात पहिल्या वर्गातून झाली, हे विशेष. जून १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर, हाती पहिल्या वर्गाचे तिकीट असताना या तरुण बॅरिस्टरला गाडीतून उतरवण्यात आले. तिकिटाने मिळणारा मान कातडीच्या रंगाने हिरावून घेतला होता.

१९०२ साली कोलकात्याहून राजकोटला परतताना त्यांनी स्वतःहून तिसरा वर्ग निवडला. देश पाहायचा तर तो बहुसंख्य माणसे जिथे बसतात तिथून पाहावा, असा विचार होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांना ही कल्पना आधी हास्यास्पद वाटली. हेतू कळल्यावर मात्र त्यांनी पुऱ्या आणि लाडू भरलेला धातूचा डबा दिला आणि निरोप द्यायला ते स्वतः स्थानकावर आले. बारा आण्यांची किंतानी पिशवी आणि जाडाभरडा लोकरी कोट एवढ्यावर काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असा प्रवास झाला. भाड्यासह एकूण खर्च सुमारे ३१ रुपये.

परताव्याचा अर्ज

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनाची वार्ता शांतिनिकेतनात पोहोचली. गांधीजी, कस्तुरबा आणि पुतणे मगनलाल पुण्याला निघाले. बर्दवानला तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. नाइलाजाने ते मधल्या वर्गात चढले आणि जादा भाड्याचा भुर्दंड पडला. मुघलसरायला तिसऱ्या वर्गात जागा मिळताच ते तिकडे गेले. तसा दाखला तिकीट तपासनीसाने नाकारला, तेव्हा त्यांनी रेल्वेकडे अर्ज केला. अपवाद म्हणून मुघलसरायपुढचे जादा भाडे परत मिळाले; बर्दवान ते मुघलसरायचे मिळाले नाही.

त्याच प्रवासात कल्याणला गांधीजींनी फलाटावरच्या नळाखाली स्नान केले. एका परिचिताने कस्तुरबांसाठी दुसऱ्या वर्गाचे स्नानगृह देऊ केले. तो हक्क आपला नाही, हे ठाऊक असूनही गांधीजींनी होकार दिला आणि पुढे आत्मकथेत ही चूक नोंदवून ठेवली.

तेरा रुपये नऊ आणे

सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी रांचीहून वृत्तपत्रांना सविस्तर पत्र लिहिले. मुंबई-मद्रास प्रवासाचे तिसऱ्या वर्गाचे भाडे १३ रुपये ९ आणे. डबा २२ जणांचा, पण रात्री त्यात ३५ पर्यंत माणसे कोंबलेली. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटीहून अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाला सोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का, असा हिशेबी प्रश्न त्यांनी केला. थुंकणारे, कचरा करणारे, शेजाऱ्याच्या तोंडावर धूर सोडणारे सहप्रवासीही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत. बड्या अधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता तिसऱ्या वर्गातून फिरावे, म्हणजे सुधारणा आपोआप होतील, असा उपायही त्यांनी सुचवला.

या निष्ठेला मर्यादाही होत्या. १९१८-१९ च्या गंभीर आजारानंतर तिसऱ्या वर्गाचा प्रवास त्यांना जवळजवळ सोडावा लागला. त्याची खंत त्यांनी लपवली नाही. पुढे ते पुन्हा तिसऱ्या वर्गाकडे वळले, पण अखेरच्या वर्षांत गर्दीमुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र डबा राखला जाई. हा साधेपणा इतरांना महाग पडतो, अशी टीका निकटवर्तीयांतूनही झाली. ती अगदीच निराधार नव्हती.

वर्ध्याचे दिवस

जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने गांधीजींनी वर्धा हे आपले केंद्र केले. बजाजांनी ग्रामोद्योग संघासाठी दिलेल्या बागेला मगनवाडी हे नाव मिळाले. बर्दवानच्या गर्दीत सोबत असलेल्या मगनलालांचेच ते स्मारक. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. तिथल्या घरावर ५०० रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, ही त्यांची अट होती. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावाच्या अधिवेशनासाठी ते येथूनच मुंबईला गेले. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडले, ते परत आले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. फेब्रुवारीत त्यांच्या अस्थी दिल्लीहून अलाहाबादला खास रेल्वेगाडीने नेण्यात आल्या. डबे तिसऱ्या वर्गाचे होते.

भारतीय रेल्वेतून तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला. स्वस्त तिकिटाने प्रवासाचे दार अनेकांसाठी उघडले, हे तेव्हाच्या रेल्वेबाबत खरे होते आणि आजच्या विमानाबाबतही आहे. जेवण वा ऐसपैस जागा सोडण्याचा सौदा प्रवासी राजीखुशीने करतो. मात्र वेळेवर माहिती, हक्काचा परतावा आणि माणुसकीची वागणूक या सौद्यात मोडत नाहीत. त्यांचे मोल तेरा रुपये नऊ आण्यांत धरलेलेच होते, हेच त्या पत्राचे म्हणणे होते.