फ्रिट्यॉफ नान्सेन आणि न दिसणाऱ्या लाटा

शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी म्हणून फ्रिट्यॉफ नान्सेन जगाला ठाऊक आहेत. मला मात्र त्यांची ओळख झाली ती भूगोलाचा अभ्यास करताना, समुद्राच्या पोटातील लाटांविषयी वाचत असताना.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. प्राणिशास्त्र शिकून ते बर्गनच्या संग्रहालयात नोकरीस लागले. १८८८ मध्ये पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचा हिममय प्रदेश आडवा पार केला. असे करणारे ते पहिलेच. पुढे त्यांनी याहून धाडसी बेत आखला. ध्रुवसागरातील वाहत्या बर्फात जहाज मुद्दाम गोठवून घ्यायचे आणि बर्फ नेईल तिकडे जायचे! अनेक जाणकारांनी नापसंती दाखवली, तरी जून १८९३ मध्ये त्यांचे 'फ्राम' जहाज निघाले.

ऑगस्टमध्ये सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ एक नवल घडले. इंजिन पूर्ण जोराने चालू असूनही जहाज पुढे सरकेना. वल्ही मारून अर्ध्या तासात गाठता आले असते एवढ्या अंतराला चार तास लागले. वरचे पाणी जवळजवळ पिण्याजोगे गोडे होते, तर खालून इंजिनासाठी घेतलेले पाणी फार खारट होते. नान्सेन यांनी हे सारे टिपून ठेवले. १८९५ मध्ये योहानसेन या सोबत्यासह ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले आणि १८९६ मध्ये सुखरूप मायदेशी परतले.

परतल्यावरही जहाज अडल्याचे कोडे ते विसरले नाहीत. नॉर्वेचे खलाशी अशा पाण्याला 'मृत पाणी' म्हणत. त्यातून सुटण्यासाठी ते समुद्रात तेल ओतत, वल्ह्यांनी पाणी बडवत, डेकवर धावाधाव करत. नान्सेन यांनी ही भाबडी समजूत म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी प्राध्यापक ब्यर्कनेस यांना विचारले आणि ब्यर्कनेस यांनी तो प्रश्न एकमन या तरुण विद्यार्थ्याकडे सोपवला. एकमनने खलाशांचे अनुभव गोळा केले आणि काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर देऊन त्यावर छोटे जहाज ओढून पाहिले. दोन थरांच्या सीमेवर मोठी लाट उठत होती, वर मात्र पाणी जवळजवळ शांत होते. जहाजाची शक्ती ती लाट उठवण्यातच खर्च होत होती. १९०४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील मचव्यावर जातात. वाऱ्यापाण्याची त्यांची जाण कोणत्याही पुस्तकात आलेली नाही. म्हणूनच खलाशांच्या बोलण्याला मान देणारा हा शास्त्रज्ञ मला जवळचा वाटला.

या शोधाचे मोल आज अधिकच कळते. समुद्राच्या तळाशी डोंगररांगा आहेत. तेथे 'जहाज' स्थिर असते आणि पाणी हलते, एवढाच काय तो फरक. भरती-ओहोटीचे पाणी डोंगरावरून जाताना खालीवर होते, आत लाटा उठतात आणि प्रवाहाची शक्ती त्यांत जाते. भरती-ओहोटीची सुमारे पाव ते एक-तृतीयांश शक्ती अशा खडबडीत तळाच्या खोल समुद्रात खर्ची पडते, असे २००० साली उपग्रहांच्या मोजणीतून दिसले. या लाटा फुटल्या की वरचे उबदार व खालचे थंड पाणी मिसळते. त्याचा परिणाम हवामानावर होतो.

संगणकावर समुद्राचे गणित मांडताना त्याचे चौकोन पाडतात. हवामानाच्या गणितात चौकोनाची बाजू बहुधा २५ ते १०० किलोमीटर असते. तळावरचा लहान डोंगर आणि त्याची लाट त्यात दिसतच नाही. पण तिला वगळले तर हिशेब चुकतो. म्हणून तळाचा खडबडीतपणा, भरतीचा वेग आणि पाण्याची थररचना यांवरून लाटांत किती शक्ती जाईल, हे सूत्राने काढतात. तेवढी शक्ती प्रवाहातून वजा करतात आणि लाटा फुटतील तेथे मिसळण वाढवतात.

नान्सेन १९०८ मध्ये सागरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धानंतर चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना त्यांनी घरी पोहोचवले. देश गमावलेल्या निर्वासितांना कोणतेच सरकार आपले म्हणत नव्हते. त्यांच्यासाठी १९२२ मध्ये 'नान्सेन पासपोर्ट' निघाला. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी न लिहिलेले ज्ञान आहे. ते ऐकावे, टिपावे आणि तपासून पाहावे, एवढे तरी आपण या थोर पुरुषाकडून शिकू या.