गोठ्यावरच्या ‘फायबर’मागचा माणूस : गेम्स स्लेटर

बारामती-इंदापूरकडे अनेक गोठ्यांवर उजेडासाठी मधोमध एखादा फायबरचा पत्रा टाकलेला असतो. मंडळाची मोठी मूर्तीही बऱ्याचदा फायबरचीच. पण हे फायबर म्हणजे नेमकं काय? चक्क काचेचे धागे! ते स्वस्तात आणि ढिगाने बनवण्याची रीत शोधली ती अमेरिकेच्या गेम्स स्लेटर यांनी.

स्लेटर यांचा जन्म १८९६ साली इंडियाना राज्यातला. पर्ड्यू विद्यापीठातून ते केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे ओवेन्स-इलिनॉय या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत आले. काचेचे धागे तेव्हा नवे नव्हते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात काच आणि रेशमाचा झगाही मांडला होता. अडचण एकच, धागा काढायला वेळ आणि पैसा फार लागायचा.

१९३२ मध्ये कंपनीतला डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या दोन विटा जोडायला बसला होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि जोड राहिला बाजूला, बारीक तंतूच उडाले. दुसऱ्या कुणी ते झाडून टाकले असते. स्लेटर यांना मात्र हवी असलेली रीत त्यातच दिसली. हवेऐवजी वाफेचा झोत वापरल्यावर तंतू आणखी बारीक निघाले. १९३३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९३८ मध्ये. त्याच वर्षी ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. अपघात क्लाइस्टचा, पेटंट स्लेटर यांचं. श्रेय कुणाचं, यावर वाद घालायला जागा आहे.

या लोकरीत हवा अडकून राहते, म्हणून उष्णता सहज बाहेर पडत नाही. साखर कारखान्यात वाफेच्या नळ्यांना काचेची नाहीतर दगडाची लोकर गुंडाळतात ती यासाठीच.

पत्रा किंवा मूर्ती करताना धाग्यांवर रेझिन चढवतात. मातीच्या लिंपणात काड घालतात ना, तसंच: काड ताण घेतं, माती धरून ठेवते. १९५३ मध्ये तर शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीची अख्खी बॉडीच अशी बनली. हां, असा पत्रा कापताना हातमोजे आणि मास्क हवाच. अंगाला खाज सुटते ती काचेच्या कुसळांनी!

नव्वदहून जास्त पेटंट नावावर असलेले स्लेटर १९६४ मध्ये गेले. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत, म्हणजे नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये, त्यांचं नाव लागलं ते २००६ साली.